घाटवाटेवरचे डोळे : दुचाकीस्वाराने गॉगल कसा निवडावा?

बेळगावहून चोर्लामार्गे गोव्याकडे निघालेला दुचाकीस्वार जांबोटीला पोहोचला की बहुधा थोडा विसावा घेतो. खानापूरकडून येणारी वाट येथे मुख्य रस्त्याला मिळते आणि पुढे कणकुंबी, चोर्ला ओलांडून सत्तरीतील केरीपर्यंत जंगलाची आणि वळणांची सोबत असते. हेल्मेट उतरवल्यावर तो सर्वप्रथम काय करतो, याकडे लक्ष दिले तर एक गोष्ट हमखास आढळते. तो डोळे चोळतो. कुणाच्या डोळ्यांत धूळ गेलेली असते, कुणाचे डोळे वाऱ्याने कोरडे होऊन लाल झालेले असतात, तर कुणी समोरच्या उन्हाने त्रासलेला असतो. कपाळावर सरकवलेला काळा गॉगल मात्र यातील बहुतेकांकडे असतोच.

गोव्यातील वाचकांना ही वाट परकी नाही. खरेदीसाठी, उपचारांसाठी, नातेवाइकांकडे किंवा केवळ घाटातील पावसाळा पाहण्यासाठी बेळगावकडे जाणारे अनेक आहेत. गोव्यात नोकरी-व्यवसाय करणारे खानापूर तालुक्यातील तरुण सुट्टीला याच रस्त्याने दुचाकीवरून गावी जातात. एकाच प्रवासात सपाट माळ, दाट झाडी, घाटाचे उतार, खाणपट्ट्यातील लाल धूळ आणि किनारपट्टीचे झगझगीत ऊन असे सर्व प्रकार अनुभवास येत असल्याने, दुचाकीस्वाराच्या डोळ्यांना कोणकोणत्या गोष्टींपासून संरक्षण हवे, हे समजून घेण्यासाठी यासारखी दुसरी वाट शोधावी लागणार नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीस्वाराला हेल्मेट सक्तीचे आहे आणि १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी विकले जाणारे हेल्मेट आयएसआय चिन्हांकित असणेही बंधनकारक झाले आहे. परंतु हे कलम डोक्याच्या संरक्षणाविषयी बोलते. डोळ्यांचे काय करायचे, हे चालकाच्या विवेकावर सोडलेले आहे. म्हणूनच गॉगलची खरेदी ही केवळ आवडीनिवडीची बाब समजली जाते आणि ती अनेकदा रस्त्याकडेच्या दांडीवर टांगलेल्या चष्म्यांतून, आरशात चेहरा कसा दिसतो एवढेच पाहून उरकली जाते.

या वाटेवर डोळ्यांना काय सोसावे लागते

पहिला प्रश्न सूर्याच्या दिशेचा. जांबोटी ते चोर्ला हा टप्पा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. त्यामुळे सकाळी गोव्याहून बेळगावकडे जाणाऱ्याच्या समोर उगवता सूर्य असतो आणि संध्याकाळी परतणाऱ्याच्या समोर मावळता. कामासाठी सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला दोन्ही वेळा ऊन तोंडावरच घ्यावे लागते. हिवाळ्यात तर सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने नैऋत्येकडे वळणाऱ्या रस्त्यावर तो संध्याकाळी अगदी नजरेच्या रेषेत येतो.

दुसरा प्रश्न ऊन आणि सावलीच्या लपंडावाचा. उघड्या माळावरून जाताना बाहुली आकुंचन पावलेली असते. झाडीत शिरताच ती विस्फारते, परंतु अंधाराशी जुळवून घेण्याचे काम केवळ बाहुलीचे नसून डोळ्याच्या मागील दृष्टिपटलाचेही असते आणि त्याला वेळ लागतो. पूर्ण अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागू शकतात. सावलीसाठी तेवढा काळ लागत नसला, तरी पहिली दोन-तीन सेकंदे दृष्टी अधू असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. तीन सेकंदांत हे अंतर ४० मीटरच्या पुढे जाते. तेवढ्या अंतरात सावलीत उभी असलेली म्हैस, खड्डा किंवा दिवे न लावता उभा असलेला ट्रक येऊ शकतो.

तिसरा प्रश्न डोळ्यांत शिरणाऱ्या वस्तूंचा. पुढच्या ट्रकने उडवलेली खडी, रस्तादुरुस्तीची धूळ, उघड्या हौद्यातून उडणारा भुसा आणि तिन्हीसांजेला जंगलाच्या कडेने घोंघावणारे किडे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या चेहऱ्यावर हवेत स्थिर असलेला किडाही सेकंदाला जवळपास १७ मीटर वेगाने आदळतो. समोरून येणाऱ्या वाहनाने उडवलेल्या खड्याचा वेग त्याहून कितीतरी अधिक. पापणी आपोआप मिटते हे खरे, परंतु तोवर उशीर झालेला असतो आणि मिटलेल्या डोळ्यांनी वळण घेता येत नाही.

चौथा प्रश्न वाऱ्याचा. डोळ्यावरील अश्रूंचा थर अत्यंत पातळ असतो. सततच्या वाऱ्याने तो सुकतो, डोळे चुरचुरतात आणि मग त्यांतून पाणी वाहू लागते. या पाण्याने दृष्टी धूसर होते. तासाभराच्या प्रवासानंतर डोळे लाल होण्यामागे बहुधा धुळीइतकाच वाराही असतो.

काळी काच म्हणजे सुरक्षित काच नव्हे

गॉगलविषयीचा सर्वात मोठा गैरसमज असा की काच जितकी काळी, तितके डोळे सुरक्षित. वास्तविक काचेचा रंग आणि अतिनील किरण अडवण्याची तिची क्षमता यांचा परस्परांशी थेट संबंध नाही. पूर्ण पारदर्शक काच अतिनील किरण जवळपास संपूर्ण अडवू शकते आणि काळीकुट्ट काच ते आत जाऊ देऊ शकते.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. काळ्या काचेमागे अंधार असल्याने बाहुली मोठी होते. काचेवर अतिनील किरण रोखणारी योजना नसेल, तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून नेहमीपेक्षा अधिक किरण आत शिरतात. उघड्या डोळ्यांनी माणूस निदान डोळे किलकिले करतो. निकृष्ट काळ्या गॉगलने तो नैसर्गिक बचावही हिरावला जातो. अतिनील किरणांचा दीर्घकाळ मारा झाल्यास मोतीबिंदूचा धोका वाढतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढही उन्हात, वाऱ्यात व धुळीत वावरणाऱ्यांत अधिक आढळते. दिवसभर प्रवासी नेणारे गोव्यातील मोटारसायकल पायलट, घरोघरी वस्तू पोहोचवणारे तरुण, मासळी व पाव विकणारे फिरते विक्रेते या सर्वांचा या धोक्याशी रोजचा संबंध आहे.

गोवा आणि बेळगाव हा सारा टापू विषुववृत्तापासून पंधरा-सोळा अंश उत्तरेस आहे. मे महिन्याच्या प्रारंभी आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निर्देशांकात अतिनील किरणांची ११ व त्यापुढील पातळी अतितीव्र मानली जाते. उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी आपल्याकडे ती गाठली जाते. आकाशात पातळ ढग असले तरी हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली पोहोचतात, म्हणून ढगाळ दिवशी संरक्षणाची गरज नाही असे समजणे चुकीचे ठरते.

यावरचा उपाय साधा आहे. गॉगलवर ‘यूव्ही ४००’ असा उल्लेख असावा. याचा अर्थ ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे किरण, म्हणजे अतिनील किरणांचे डोळ्यापर्यंत पोहोचणारे दोन्ही प्रकार, ती काच अडवते. अर्थात असे लेबल कुणीही चिकटवू शकतो. चष्म्याच्या अनेक दुकानांत अतिनील किरण मोजण्याचे छोटे यंत्र असते. गॉगल त्यावर ठेवून तपासण्यास सांगण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र निळ्या रंगाचा टॉर्च काचेवर मारून दाखवले जाणारे प्रात्यक्षिक पुष्कळदा निळा प्रकाश अडवण्याचे असते. अतिनील संरक्षणाचा तो पुरावा नव्हे.

काच किती गडद असावी

गॉगलच्या गडदपणासाठी आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात शून्य ते चार अशा पाच श्रेणी ठरवल्या आहेत. श्रेणी शून्यची काच ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश आत सोडते. श्रेणी एकमध्ये हे प्रमाण ४३ ते ८०, श्रेणी दोनमध्ये १८ ते ४३, श्रेणी तीनमध्ये ८ ते १८ आणि श्रेणी चारमध्ये केवळ ३ ते ८ टक्के असते. श्रेणी चार ही बर्फाच्छादित उंच पर्वतांसाठी असून ती वाहन चालवताना वापरण्यास योग्य मानली जात नाही. दर्जेदार गॉगलच्या दांडीच्या आतील बाजूस किंवा सोबतच्या कागदावर ही श्रेणी छापलेली असते.

मडगाव ते काणकोणसारख्या उघड्या रस्त्यावर भर दुपारी श्रेणी तीनची काच सुखावह वाटेल. घाटाचे गणित वेगळे आहे. जांबोटीच्या पुढे जेथे मिनिटामिनिटाला ऊन आणि सावली बदलते, तेथे श्रेणी दोनची काच अधिक सुरक्षित ठरते. उन्हात थोडे डोळे किलकिले करावे लागले तरी चालेल, पण सावलीतील खड्डा दिसला पाहिजे, हा यामागील विचार आहे.

येथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. काचेवर काच आली की त्यांचा परिणाम गुणाकाराने वाढतो. हेल्मेटचा गडद व्हायझर निम्मा प्रकाश आत सोडत असेल आणि त्यामागे १५ टक्के प्रकाश सोडणारा गॉगल असेल, तर डोळ्यापर्यंत साडेसात टक्केच प्रकाश पोहोचतो. म्हणजे वाहन चालवण्यास योग्य अशा दोन काचा एकत्र आल्या की त्यांची मिळून श्रेणी चारची, निषिद्ध काच तयार होते. गडद व्हायझर असेल तर गॉगल नको आणि गॉगल असेल तर व्हायझर पारदर्शक हवा, हा नियम पक्का धरावा. काही हेल्मेटांत आतून खाली ओढता येणारी छोटी काळी काच असते. घाटात शिरताना ती अंगठ्याने वर सरकवता येत असल्याने ऊन-सावलीच्या रस्त्यावर ती गॉगलपेक्षाही सोयीची पडते.

रंग आणि विशेष काचा

करड्या रंगाची काच सर्व रंग सारख्याच प्रमाणात मंद करते, त्यामुळे सिग्नलचे आणि ब्रेकच्या दिव्यांचे रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी वा तांबूस छटेची काच निळसर प्रकाश कमी करून रस्त्यावरचे उंचवटे, खड्डे आणि मातीच्या कडा अधिक ठळक करते. विरळ धुक्यात किंवा ढगाळ हवेत ती उपयोगी पडते. गडद निळ्या, गुलाबी किंवा लाल काचा फॅशनसाठी ठीक असल्या तरी रंग ओळखण्यात घोटाळा करू शकतात. आरशासारखा चकाकणारा मुलामा हा केवळ वरचा थर असतो. त्यावरून आतल्या काचेच्या गुणवत्तेचा अंदाज बांधता येत नाही.

पोलराइज्ड काचेचा सध्या बराच बोलबाला आहे. पाणी, ओला डांबरी रस्ता किंवा मोटारीचे टप अशा आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने मुख्यतः आडव्या प्रतलात असतात. पोलराइज्ड काच नेमकी तीच अडवते, म्हणून डोळे दिपवणारी चमक नाहीशी होते. मांडवीच्या पुलावरून किंवा किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जाताना हा फरक तत्काळ जाणवतो. तथापि दुचाकीस्वाराने तिच्या तीन मर्यादा जाणून घ्याव्यात. नव्या दुचाकींवरील डिजिटल फलक आणि मोबाइलचा नकाशा विशिष्ट कोनातून काळा दिसू शकतो. हेल्मेटच्या व्हायझरमधून पाहताना इंद्रधनुषी पट्टे उमटू शकतात. आणि तिसरी मर्यादा सर्वाधिक महत्त्वाची : रस्त्यावर सांडलेले तेल किंवा साचलेले पाणी आपल्याला बहुधा त्याच्या चकाकीमुळेच ओळखता येते. ती चकाकीच पुसली गेली, तर निसरडी जागा कोरडी भासू शकते. चारचाकीला जे सहज पेलते, ते वळणावर झुकलेल्या दोन चाकांना पेलतेच असे नाही.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचांबाबतही अशीच तारतम्याची गरज आहे. या काचा अतिनील किरणांमुळे गडद होतात. हेल्मेटचा पॉलिकार्बोनेट व्हायझर हे किरण बहुतांशी आधीच अडवत असल्याने त्यामागे त्या पुरेशा गडद होत नाहीत. शिवाय गडद होण्यास त्यांना मिनिटभराहूनही कमी अवधी पुरतो, पण पुन्हा पारदर्शक होण्यास कित्येक मिनिटे लागतात. घाटातील सावली तोवर केव्हाच मागे पडलेली असते.

आघात सोसणारी काच

आपण सवयीने ‘काच’ म्हणत असलो तरी दुचाकीस्वाराच्या गॉगलमध्ये खरी काच नसावी. खनिज काचेवर ओरखडे कमी पडतात आणि तिच्यातून दिसतेही स्पष्ट, परंतु खडा लागून ती फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात. चष्म्यांत सर्रास वापरले जाणारे सीआर-३९ हे प्लॅस्टिक वजनाला हलके आणि पाहण्यास स्वच्छ असते, पण जोरदार आघातापुढे तेही टिकेल याची खात्री नसते. पॉलिकार्बोनेट हे या कामासाठी सर्वाधिक प्रचलित द्रव्य आहे. ते दबते, वाकते, पण सहसा फुटत नाही आणि अतिनील किरणांचा मोठा भाग मुळातच शोषून घेते. त्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वर कठीण मुलामा असलेलीच काच घ्यावी. ट्रायव्हेक्स हे त्याच जातीतले, अधिक स्पष्ट दिसणारे आणि काहीसे महाग द्रव्य आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. नामांकित कंपनीचा महागडा गॉगल उन्हापासून उत्तम संरक्षण देईल, पण तो आघातापासून वाचवण्यासाठी बनवलेला असेलच असे नाही. त्यासाठी वेगळी मानके आहेत. अमेरिकेच्या एएनएसआय झेड ८७.१ या मानकातील उच्च आघाताच्या चाचणीत पाव इंच व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने चष्म्यावर सोडली जाते. या चाचणीत उतरलेल्या चष्म्यावर ‘झेड ८७’ आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह असते. युरोपातील ईएन १६६ हे संरक्षक चष्म्यांचे तर ईएन १९३८ हे खास दुचाकीस्वारांच्या गॉगलचे मानक आहे. कारखान्यांत कामगारांना दिल्या जाणाऱ्या संरक्षक चष्म्यांवर यांपैकी पहिली दोन चिन्हे आढळतात. औद्योगिक साहित्याच्या दुकानात मिळणारा असा साधा पारदर्शक चष्मा दिसायला डौलदार नसेल, पण खडा आणि किडा अडवण्यात तो दिखाऊ गॉगलला मागे टाकतो.

आधी व्हायझर, मग गॉगल

डोळ्यांचे पहिले संरक्षण म्हणजे खाली ओढलेला व्हायझर. गोव्यात अर्धे हेल्मेट घालून किंवा उकाड्यामुळे व्हायझर वर सरकवून चालवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गॉगल लावला आहे, मग व्हायझर कशाला, असा युक्तिवाद केला जातो. परंतु गॉगल आणि गाल यांमधील फटीतून वारा व धूळ आत येते आणि बाजूने येणाऱ्या खड्याला तो अडवू शकत नाही. गॉगलने व्हायझरला साथ द्यावी. त्याची जागा घेऊ नये.

उघड्या तोंडाचे हेल्मेट वापरणाऱ्याने कडेने वळलेली, गालाला लगटून बसणारी फ्रेम निवडावी. आतून मऊ फोम असलेली फ्रेम वारा आणि धूळ चांगली अडवते. मात्र तिला हवा खेळण्यासाठी बारीक छिद्रे नसतील तर थांबताच काच वाफेने भरते. फ्रेमच्या दांड्या पातळ आणि सरळ असाव्यात. जाड दांड्या हेल्मेटच्या आतील अस्तरात दबून कानशिलावर रुततात, अर्ध्या तासात डोके दुखू लागते आणि लक्ष रस्त्यावरून उडते. धातूची फ्रेम अपघातात वाकून चेहऱ्यात घुसू शकते, म्हणून लवचीक प्लॅस्टिकची फ्रेम बरी. रुंद दांड्यांमुळे बाजूची नजर झाकली जाते हेही विसरू नये. ओव्हरटेक करणारे वाहन प्रथम त्याच बाजूच्या नजरेत येते.

गॉगल विकत घेताना स्वतःचे हेल्मेट सोबत न्यावे. हेल्मेट चढवून मग गॉगल लावावा, मान दोन्ही बाजूंना वळवावी, खाली वाकावे आणि पाच-दहा मिनिटे तसेच राहावे. आरशात चांगला दिसणारा गॉगल या परीक्षेत अनेकदा नापास होतो.

रात्र आणि पाऊस

सूर्य मावळल्यावर कोणतीही गडद काच डोळ्यांवर असता कामा नये. हे सांगण्याची गरज पडू नये, पण दुपारी निघालेला माणूस घाट उतरेपर्यंत काळोख होतो आणि सोबत दुसरा चष्मा नसल्याने तो गडद व्हायझर तसाच ठेवतो किंवा उघड्या डोळ्यांनी किडे झेलत जातो. जांबोटीच्या थांब्यावर गडद चष्मा काढून पारदर्शक चष्मा चढवण्याची सवय लावून घेतली, तर हा प्रश्नच उरत नाही.

‘नाइट व्हिजन’ या नावाने विकले जाणारे पिवळे चष्मे ही निव्वळ समजूत आहे. पिवळी काचही काही प्रकाश अडवतेच, आणि रात्री मुळात प्रकाशाचीच टंचाई असते. २०१९ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिम्युलेटरवर वाहन चालवणाऱ्यांची परीक्षा घेण्यात आली. पिवळ्या काचेमुळे पादचारी अधिक चांगले दिसतात असे त्यात आढळले नाही. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर आधी व्हायझर तपासावा. बारीक ओरखड्यांनी भरलेल्या व्हायझरवर प्रत्येक दिव्याचा तारा होऊन पसरतो. असा व्हायझर बदलणे हा त्यावरचा खरा आणि स्वस्त इलाज होय. तरीही त्रास कायम राहिला तर डोळे तपासून घ्यावेत. रात्रीच्या दिव्यांभोवती वलये दिसणे किंवा ते असह्य वाटणे हे चष्म्याचा नंबर बदलल्याचे अथवा मोतीबिंदूच्या प्रारंभाचेही लक्षण असू शकते.

पावसाळ्यात चोर्ला घाटात धुके रस्त्यावर उतरते तेव्हा गॉगलवर आतून वाफ आणि बाहेरून थेंब अशी दुहेरी अडचण होते. अशा वेळी पारदर्शक व्हायझर, त्याच्या आतील बाजूस वाफरोधक थर आणि हेल्मेटची हवेची झडप उघडी, एवढी व्यवस्था पुरते. त्यानेही दिसत नसेल, तर वेग कमी करणे किंवा सुरक्षित जागी थांबणे याला कोणताही चष्मा पर्याय होऊ शकत नाही.

नंबरचा चष्मा असेल तर

दूरचा नंबर असलेल्याने साधा गॉगल लावण्यासाठी आपला चष्मा काढून ठेवणे म्हणजे एक धोका टाळण्यासाठी दुसरा ओढवून घेणे. नंबरच्याच काचा पॉलिकार्बोनेटमध्ये, अतिनील संरक्षणासह करून घेता येतात आणि त्यांना हवी ती छटाही देता येते. कडेने फार वळलेल्या फ्रेममध्ये मोठा नंबर बसवल्यास कडेचे दृश्य वेडेवाकडे दिसू शकते, याची कल्पना दुकानदाराला विचारून आधीच घ्यावी. चाळिशीनंतर दुहेरी काचांचा चष्मा वापरणाऱ्यांना खालच्या, वाचनाच्या भागातून चाकासमोरचा रस्ता धूसर दिसतो. दुचाकीसाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवणे त्यांच्या हिताचे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी बंद व्हायझर किंवा फोम असलेला गॉगल यांवाचून धुळीच्या रस्त्याने जाऊ नये.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळणारा काळा चष्मा लावून स्कूटर चालवणारे ज्येष्ठ नागरिकही अधूनमधून दिसतात. तो चष्मा बरे होत असलेल्या डोळ्याच्या विश्रांतीसाठी असतो, वाहन चालवण्यासाठी नसतो. दुचाकी पुन्हा केव्हा हाती घ्यायची, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

डोळ्यात काही गेलेच तर

सारी काळजी घेऊनही कधीतरी कण डोळ्यात जातोच. अशा वेळी पुढची काही मिनिटे फार मोलाची असतात. वाहन बाजूला घ्यावे. डोळा चोळू नये, कारण चोळल्याने कण बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर घासला जातो. हात धुऊन, पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवावा. ओढ्याचे किंवा साठलेले पाणी वापरू नये. पापणीआड अडकलेला कण बहुधा पाण्याबरोबर निघून जातो. बुबुळावर रुतलेला कण मात्र रुमालाच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने काढण्याचा प्रयत्न करू नये. धुतल्यानंतरही टोचणे, लाली, प्रकाश सहन न होणे किंवा धूसर दिसणे कायम राहिले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

विशेष सावधगिरी हवी ती भुसा, गवत, पान किंवा किड्याचा अवयव डोळ्यात गेल्यास. वनस्पतिजन्य कणाने झालेल्या बारीकशा ओरखड्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. दक्षिण भारतातील शेतीप्रधान भागांत बुबुळावर पडणाऱ्या जखमांमागे हे एक नेहमीचे कारण आहे. हा संसर्ग सुरुवातीला किरकोळ वाटतो आणि चार-सहा दिवसांनी उग्र होतो. अशा डोळ्यात औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेले स्टिरॉइडयुक्त थेंब घातले, तर लाली तात्पुरती ओसरते, पण बुरशीला मोकळे रान मिळते आणि कायमची दृष्टी जाऊ शकते. घरात पूर्वी कुणासाठी आणलेली उघडी बाटली, मध, एरंडेल किंवा आईचे दूध हेही उपाय टाळावेत. जांबोटीसारख्या ठिकाणाहून नेत्रतज्ज्ञाकडे जायचे तर खानापूर, बेळगाव किंवा गोव्याकडे साखळी, म्हापसा अशी वाट धरावी लागते. ती तसदी टाळण्याच्या मोहात गेलेले दोन दिवस पुढे महागात पडतात.

खरेदी आणि निगा

दुकानात गॉगल हाती आल्यावर तो हातभर अंतरावर धरून दाराच्या चौकटीसारख्या सरळ रेषेकडे पाहावे आणि तो हळूहळू वर-खाली हलवावा. रेष वाकली किंवा लहरली तर काच सदोष समजावी. पांढऱ्या कागदावर धरून दोन्ही काचांची छटा सारखी आहे का, तेही पाहावे. विक्रेता पोलराइज्ड म्हणून सांगत असेल तर मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल धरून फिरवावा. काही कोनात पडदा काळवंडला पाहिजे. बिल आणि अतिनील संरक्षणाचा लेखी उल्लेख मागून घ्यावा.

धुळीने माखलेली काच शर्टाच्या टोकाने पुसणे ही तिची सर्वात मोठी हेळसांड. धुळीतील बारीक वाळू त्या क्षणी कानसेचे काम करते. आधी पाण्याची धार सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, साबणाचा थेंब लावून बोटांनी हलकेच फिरवावा आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे. पेट्रोल, थिनर किंवा घरातील काचा पुसण्याचे द्रावण पॉलिकार्बोनेटला मारक असते. त्याने काचेत सूक्ष्म तडे जातात. गॉगल टाकीवर किंवा डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये. मोठा आघात झेललेला गॉगल वरकरणी धड दिसला तरी बदलावा.

मागे बसणाऱ्यांचा विचार अनेकदा राहून जातो. चालक व्हायझरच्या आड असतो, पण मागे बसलेली पत्नी, आई किंवा शाळकरी मूल तोच वारा, तीच धूळ आणि तेच किडे उघड्या डोळ्यांवर घेत असते. मुलांच्या डोळ्यातील भिंग प्रौढांच्या तुलनेत अधिक पारदर्शक असल्याने अतिनील किरण त्यांच्या डोळ्यात अधिक खोलवर पोहोचतात. त्यांच्यासाठी मापाचे हेल्मेट आणि त्याचा पारदर्शक व्हायझर ही पहिली गरज आहे. जत्रेत मिळणारा खेळण्यातला रंगीत गॉगल ती भागवू शकत नाही.

या सर्वांचा मेळ घालायचा तर चोर्लामार्गे नेहमी जाणाऱ्यासाठी फार खर्चाची सामग्री लागत नाही. ओरखडे नसलेला पारदर्शक व्हायझर असलेले आयएसआय हेल्मेट, यूव्ही ४०० आणि श्रेणी दोनचा करडा किंवा तपकिरी पॉलिकार्बोनेट गॉगल, रात्रीसाठी एक पारदर्शक संरक्षक चष्मा, मऊ कापड आणि स्वच्छ पाण्याची बाटली, एवढा सरंजाम एका छोट्या पिशवीत मावतो. जांबोटीला चहासाठी थांबल्यावर पुढच्या टप्प्यात ऊन आहे, पाऊस आहे की काळोख पडणार आहे, याचा क्षणभर विचार करून त्यातली योग्य वस्तू डोळ्यांवर चढवावी. घाट त्यानंतरच सुरू होतो.